भाऊबीजेचा भाडेकरू

मुंबई रस्त्याला लागून आमचा एक पट्टा होता. सासऱ्यांच्या वाटणीत आलेला, खडकाळ, बाजरीसुद्धा धड न येणारा. रस्त्याच्या बाजूला तोंड अरुंद, जेमतेम दोन खोल्यांएवढं, आणि मागे जागा रुंद होत गेलेली. अशा जागेला गोमुखी म्हणतात, ती घराला शुभ असते, असं गावातलं जो तो मला सांगे. शुभ असेल, पण तिथे घर कुणीच बांधत नव्हतं. चिंचवड गावात आमचं राहतं घर होतं आणि त्या पट्ट्यावर दुसऱ्यांच्या शेळ्या चरत होत्या.

मग पिंपरीच्या अंगाला कारखाने उभे राहू लागले, आणि कधी न पाहिलेली माणसं रस्त्यानं घोळक्यानं चालू लागली. सातारा, नगर, रत्नागिरी, कुठली कुठली. पाळी सुटली की ती गावात शिरत आणि दिसेल त्या बाईला विचारत, "बाई, खोली हाय का?" मला पिठाच्या गिरणीत विचारलं, विहिरीवर विचारलं, एकानं तर मयताहून परत येताना विचारलं. बाकीच्या बायकांना राग येई. मला येत नसे. माणूस एक वस्तू मागतोय आणि ती आपल्याकडे पडून आहे, यात रागवायचं काय? मला राग येई तो शेळ्यांचा.

यजमान देहूरोडला लष्कराच्या कोठारात कारकून होते. सायकलनं जात-येत. स्वभाव सावध, बशीत ओतलेला चहाही फुंकर मारून पिणारा. ते म्हणाले, "नोकरी आहे, घर आहे. भाडेकरूंची कटकट कुणी सांगितलीय?"

मी म्हटलं, "कोठारातल्या जुन्या सामानाचा लिलाव कधी असतो तेवढं सांगा."

लिलावातून पत्रे मिळाले आणि मोठ्या खोक्यांच्या फळ्या मिळाल्या. फळ्यांची दारं केली. त्यांवरचे काळे इंग्रजी आकडे रंगातूनही दिसत. भाडेकरूंना ते आवडत. घर सरकारी वाटतं म्हणे.

दोन खोल्या मी रस्त्याला लागून बांधल्या, सगळं तोंड भरून. मागे जायला बोळ ठेवला नाही. गवंड्यालाही ते सुचलं नाही, कारण वाट होतीच. शेजारच्या मोकळ्या रानातून बैलगाडी मागे जात असे. सासऱ्यांच्या आधीपासून जात होती. वाट कुणाच्या मालकीची असते असं आमच्याकडे कुणी मानत नव्हतं. चाक गेलं ती वाट. पुढच्याच वर्षी शेजाऱ्यानं रान एका लाकडाच्या वखारवाल्याला विकलं आणि वखारवाल्यानं पुरुषभर उंच भिंत घातली. दुसऱ्या अंगाला ओढा, आणि त्याच्या कडेला खोल उतार. म्हणजे मागची सगळी रुंद जागा कुलपात, आणि कुलूप माझ्याच दोन खोल्यांचं.

वखारवाल्याकडे जाऊन गाडीपुरती वाट मागितली. तो म्हणाला, "आज वाट दिली की उद्या तिथं कुणीतरी टपरी टाकतो, बाई." त्याचं खोटं नव्हतं. मीही दिली नसती.

ओढ्याकडच्या खोलीत रत्नागिरीकडच्या एकाच गावची चार माणसं राहत. तिकडून गाडी जाणं शक्य नव्हतं. वखारीकडच्या खोलीत कारखान्यातला एक टर्नर राहत होता, साताऱ्यापलीकडच्या माण भागातला. बायको गावाला, आईजवळ. त्याची खोली पाडली की गाडी सरळ आत जाणार होती. एक खोली जाईल, पण मागे आठ उभ्या राहतील. हा हिशेब मी भाकरी थापताना करी, निवडण करताना करी. संध्याकाळी कामाचं निमित्त काढून रस्त्यापर्यंत जाऊन त्या भिंतीकडे बघून येई. कारखाने स्वतःची वसाहत बांधणार असं लोक बोलत होते. वसाहत झाली की माझी खोली कोण विचारणार? जे करायचं ते आत्ता करायला हवं होतं.

कायदा भाडेकरूच्या बाजूचा. पावती दिलेल्या माणसाला हलवता येत नाही, हे यजमान येता-जाता ऐकवत. पण टर्नर एकटा होता. एकट्या माणसाला गोडीनं सांगितलं तर तो दोस्तांच्या खोलीत पथारी टाकतो. सणाच्या तोंडावर नको, दिवाळी झाली की सांगायचं, असं मी ठरवलं.

भाऊबीजेला माझा भाऊ सासवडहून येणार होता. पाट मांडला, रांगोळी घातली, तबक तयार ठेवलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी भाऊ आला नाही. आला तो टर्नर. धुतलेला पायजमा, डोक्याला तेल, हातात नारळ आणि खण.

"ताई," तो म्हणाला, "सायबानं पाळी बदलून दिली न्हाई. गावाकडं जाता आलं न्हाई. आजच्या दिशी मोकळ्या कपाळानं मशीनवर हुबं ऱ्हावंना बगा."

मी दारातच उभी. आतून यजमान म्हणाले, "पाट मांडलेलाच आहे."

भाऊबीजेला दारात आलेल्या माणसाला परत पाठवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. मी ओवाळलं. त्यानं तबकात ओवाळणी टाकली, वाकून पाया पडला आणि पोटभर जेवला. जेवताना खोलीचं सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा त्याच्या भातावर तूप वाढलं.

तो गेल्यावर यजमान सुपारी कातरत म्हणाले, "झालं. आता ती खोली विसर."

"का म्हणून?"

"भावाला घराबाहेर काढलं म्हणून गावात मिरवायचं असेल तर काढ."

"मी ओवाळलंय. दत्तक घेतलेलं नाही."

"हे गावाला समजावून सांग."

गावाला एव्हाना कळलं होतं. टर्नरनं न्हाव्याकडे सांगितलं, गिरणीत सांगितलं. सख्खा भाऊ दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा वाटेतच त्याला कुणीतरी म्हणालं होतं, "तुमचं काम झालं की काल!" तो घुश्शातच जेवला.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. आकुर्डीला एकाकडे चांगली खोली शोधली, भाडंही आमच्यापेक्षा कमी. टर्नरला गाठून म्हटलं, "भाऊ, तिथे तुमचे महिन्याला दोन पैसे वाचतील."

तो हसला. "कमी भाड्यासाठी बहिणीची सावली सोडू व्हय? घरी पत्रसुदिक धाडलंय. म्हातारी म्हनत हुती, सुनेला परक्या मुलखात एकली कशी धाडू. आता म्हनती, तितं नणंद हाय, जा म्हनावं."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एकट्या माणसाला हलवायला निघाले होते, आणि माझ्याच तबकानं त्याचा संसार तिथे आणून बसवला.

बायको मार्गशीर्षात आली. डोक्यावर बोचकं, काखेत कोंबडी. एसटीतून उतरली ती आधी आमच्या घरी, माझ्या पाया पडायला. वय विशी-बाविशीचं, अंगानं काटक, डोळे सगळीकडे. मला 'वन्सं' म्हणाली आणि लगेच चुलीपुढे बसून फोडणी परतायला लागली. मला आवडली. पण मागच्या जागेला दुसरं कुलूप लागलं हेही मला दिसत होतं.

आठवड्याभरात ती तक्रार घेऊन आली.

"वन्सं, भावाला वोवाळलंत, पन भावाची खोली कदी बगितली न्हाई वाटतं."

"मीच बांधलीय ती."

"बांधली असंल. ऱ्हायला न्हाईत. दार उगडलं की समोर बापयांची रांग, एसटीची वाट बगत. ट्रक गेला की पिठात धूळ. मी आंगूळ कवा करायची? लोकं झोपल्यावर?"

मी तिला घेऊन खोलीवर गेले. मागच्या भिंतीला एक लहान झरोका होता, तिला त्यातून बघायला लावलं. डबा उपडा घालून ती त्यावर चढली आणि बराच वेळ उतरलीच नाही.

"एवडी जागा!" ती म्हणाली. "आन आमी रस्त्याच्या तोंडात?"

"ही खोली निघाली तरच मागे वाट. वाट असेल तर मागे खोल्या."

"मंग मागं आमाला खोली बांदा. आमी मागं जातू. ही पाडा."

"अगं, वाट नाही तर मागे खोली बांधू कशी? वीट कुठून नेऊ?"

ती डब्यावरून उतरली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाकरी कशी भाजतात ते मी तिला विचारलंय. "कुटनं म्हंजी? मी आत कुटनं आले? ह्या दारानं. विटा काय माज्यापरास जाड हायेत?"

इतके महिने मी गाडीची वाट शोधत होते. डोक्यावरच्या पाटीला गाडीची वाट लागत नाही हे मला सुचलं नव्हतं. एकच खोली तर बांधायची होती.

चाकणचा एक गवंडी होता, माझ्या दोन्ही खोल्या त्यानंच बांधलेल्या. मोठा नमाजी माणूस, तोंडानं फटकळ. त्याला बोलावून सांगितलं. मागच्या भिंतीत दार पाडायचं, आणि राहत्या घरातून माल न्यायचा.

"बाई," तो म्हणाला, "लोकांच्या घरातून वरात निघते. तुम्ही विटांची काढा."

वहिनीनं, म्हणजे टर्नरच्या बायकोनं, तिच्या अटी घातल्या. पायताण बाहेर. भाऊ रातपाळीहून येऊन झोपलेला असेल तेव्हा काम बंद. पाटीवाल्या बायकांनी तिच्या माठातलं पाणी प्यायचं नाही, हवं तर मागायचं. मग काम सुरू झालं. पुढच्या दारानं पाट्या आत, मागच्या दारानं बाहेर. मध्ये ती भाजी चिरत बसलेली, आणि प्रत्येक पाटीला 'जपून, जपून'. विटा गेल्या, माती गेली, विटांच्या सांध्यांपुरता चुना गेला. पत्रे खोलीपेक्षा लांब निघाले. त्यांचं एक टोक रस्त्यावर, दुसरं मागच्या जागेत आणि मधला भाग तिच्या संसारावर, असे ते थोडा वेळ अडकून राहिले. एसटीच्या रांगेतली माणसं उठून बघायला आली. एकानं विचारलं, "मालकीणबाई, घर हाय का बोगदा?" वहिनी आतून म्हणाली, "बोगदा हाय. तुजा बाप हितनंच गेला न्हवं गाडीनं!" रांग पुन्हा रांगेत गेली.

रोज सकाळी स्वयंपाक उरकून मी तिथे. दुपारी घरी येऊन मुलांचं बघायचं, पुन्हा तिथे. भिंत वर चढे तसं मला एका जागी बसवेना. यजमानांनी एकदा मला ओसरीवर फेऱ्या घालताना पाहिलं.

"तू मागे खोली बांधून देते आहेस," ते म्हणाले. "छान. ते तिकडे गेलेच नाहीत तर?"

"ती म्हणालीय."

"पावती त्याच्या नावाची आहे. बायकोच्या शब्दावर मागे एक खोली आणि सगळा माल गुंतवलास. त्यानं दोन्ही खोल्या ठेवल्या तर तू काय करणार? पुढे ताबा त्याचा. मागे जायची वाट त्याच्या घरातून. ती खोली दुसऱ्या कुणाला देता तरी येईल का?"

मी सांडगे वाळत घालायला गेले.

खोली तयार झाली आणि पौष लागला. पौषात नव्या घरात पाऊल टाकत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गवंडी महिना संपायच्या आत उरकेल असं धरून चालले होते, आणि तो दोन दिवस गावच्या उरसाला गेला. एक अख्खा महिना ती कोरी खोली मागे रिकामी, पुढची भरलेली. मी रोज जाऊन नव्या भिंतीवर पाणी मारी. त्याची गरज कधीच संपली होती.

त्या महिन्यात टर्नरला विचार करायला फुरसत मिळाली. संक्रांतीचं वाण घेऊन वहिनीकडे गेले तर तो घरीच होता. बसा म्हणाला, तिळगूळ दिला आणि मान खाली घालून बोलायला लागला.

"ताई, धाकटा भाऊ येतुय गावाकडनं. त्यालाबी चिकटवतुय कारखान्यात. त्याच्यासंगं गावची आनिक पोरं हायेत. मी म्हनत हुतो, पुडची खोली त्यास्नी ऱ्हाऊ द्यावी. आमी मागं. भाडं दोन्हीचं देतू की."

"आणि वाट?"

"वाट हायच की. घरातनं. आपलीच मानसं."

मी तिळगूळ हातात धरून बसले होते. दुसरा कुणी असता तर काय बोलायचं ते मला येत होतं. याला आकुर्डीची खोली सुचवताना मी 'तुम्ही' म्हणाले होते, आताही जिभेवर 'तुम्ही'च आलं आणि ते मला फार दुबळं वाटलं.

"भाऊ, तुमच्या आपल्या माणसांच्या घरातून आठ बिऱ्हाडं पाणी भरायला जातील का? त्यांच्या बायका, त्यांची पोरं? मयत झालं तर तिरडी तुमच्या चुलीवरून न्यायची?"

तो म्हणाला, "एवडी बिऱ्हाडं हायेत कुटं अजून?"

नव्हतीच. त्याच्या डोक्यात त्याची माणसं होती, माझ्या डोक्यात माझी. त्याची निदान गाडीत बसणार होती.

वहिनी सगळा वेळ चुलीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, नवऱ्याच्या बाजूची झाली. मी उठले तशी ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "किती जनं म्हनले वो ते? दीर धरून?"

"मला काय माहीत? गावची पोरं म्हणाला."

"ती पोरं काय खानावळीत जेवनार हायेत?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती आत वळली. मी घरी आले. यजमानांनी माझा चेहरा बघितला आणि एवढंच विचारलं, "ठेवल्या ना दोन्ही?" त्या दिवशी त्यांचं बरोबर असणं मला सहन होण्यासारखं नव्हतं.

माघ लागला त्या सकाळी वहिनीनं रत्नागिरीकरांपैकी एकाला धाडलं, की वन्संना म्हणावं लगेच या. मला वाटलं, दीर आला. चपला न घालताच निघाले.

पुढच्या खोलीत काही नव्हतं. म्हणजे काहीच नव्हतं. अंथरूण, डबे, फडताळ, देवाची तसबीर, सगळं गेलेलं. चूल उखडून तिथली जमीन सारवलेली होती, अजून ओली. मागच्या दारातून धूर येत होता. नव्या खोलीत नवी चूल पेटली होती आणि वहिनी भाकऱ्या थापत होती. कोंबडीसुद्धा मागे आली होती.

"आवं, बगत काय हुबं ऱ्हायलाय?" ती म्हणाली. "पैल्या पाळीला गेलेत. तिसऱ्या प्रहराला येतील. गवंडी बोलवा."

"त्याला सांगितलंस का?"

"सांगितलं असतं तर ते न्हाई म्हनले असते. मंग मला त्यांचं मोडायला लागलं असतं. नवऱ्याचं मोडत न्हाईत." तिनं भाकरी उलटली. "आन त्या पोरांच्या भाकऱ्या मी थापनार न्हाई. एकाला चार, दुसऱ्याला धा. मी कारखान्यात लागले न्हाई."

माझ्या मनात आलं, की थांबावं. त्याला येऊ द्यावं, बोलावं, मग हात लावावा. ताबा अजून त्याचाच होता. कायद्यानं बघितलं तर मी भाडेकरूचं घर पाडत होते. पण त्या विचाराबरोबर मला त्याचं मान खाली घालून 'आपलीच मानसं' म्हणणं आठवलं, आणि माझे पाय रस्त्याकडे वळले. गवंडी चाकणला होता. त्याच्यासाठी थांबले नाही. वखारीत लाकूड फोडणारे दोघे होते, त्यांना घेऊन आले. वखारवाला बघत होता. म्हणाला, "बाई, मी वाट दिली असती तर एवढं झालं नसतं." मी म्हटलं, "दिली असती तर माझी मला सापडली नसती."

आधी पत्रे उतरवले. दार चौकटीसकट काढून बाजूला उभं केलं, फळ्या पुढे लागणार होत्या. मग रस्त्याकडची भिंत. मातीतलं बांधकाम, पहार लागली की सुटत गेलं. मागची भिंत निम्मी उतरली तेव्हा पाळी सुटली.

टर्नर रस्त्यानं आला आणि जिथे त्याचं दार होतं तिथे थांबला. हातात डबा. समोर आरपार मोकळं, आणि शेवटी नव्या खोलीच्या उंबऱ्यात त्याची बायको. एसटीच्या रांगेनं माना वळवल्या. मी ढिगाऱ्याजवळ उभी होते, हातात घमेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "आज मला इचारलं असतं तर?"

"तर तू काय म्हणाला असतास?"

'तू' म्हणाले ते मलाही बोलून झाल्यावर कळलं. तो विटांच्या ढिगाकडे बघत उभा राहिला. मागून बायकोनं हाक मारली, "आवं, भाकरी निवतीया!" तो डबा घेऊन मधून चालत गेला, मोडलेल्या भिंतीवरून पाय उचलून. उंबऱ्याशी त्यानं सवयीनं चपला काढल्या.

पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. धाकटा भाऊ आला आणि आकुर्डीच्या खोलीत राहिला, ती मीच दाखवली. तिथला मालक पावती देत नसे. तेही मी त्याला सांगून ठेवलं.

पहिली बैलगाडी आत गेली तेव्हा मी सुतळी घेऊन मागे उभी होते. चाकणचा गवंडी मागून ओरडत होता, की बाई, जोत्याची रेघ कुठून धरू. मला त्याच्या आधीच दुसरं दिसत होतं, की ओढ्याकडच्या कोपऱ्यात उतार थोडा भरून घेतला तर आठच्या जागी नऊ बसतात. वहिनी कमरेवर हात ठेवून गाडीच्या चाकांकडे बघत होती.

"वन्सं, ह्या वाटंवर खडी टाका. पावसात चिखुल हुईल, मंग लोकं माज्या दारातनं जातील."

"टाकते," मी म्हटलं, आणि सुतळी गवंड्याच्या हातात देऊन खडी फोडणाऱ्या वडाराला बघायला रस्त्यावर गेले.